गाजरगवताच्या मातीतला घट

घट बसायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने शेतावरून मातीची पिशवी आणली आणि ती बघून माझं डोकंच फिरलं. मातीत गाजरगवताची मुळं लोंबत होती.

"अख्ख्या शेतात तुला हीच जागा सापडली? बांधावर पळस आहे, त्याच्या बुडाची आणायचीस ना रे!"

"माती ती माती," तो म्हणाला. "बांधाकडे चिखल होता, चपला रुतल्या असत्या." पिशवी गॅलरीत आदळून तो आंघोळीला गेला.

शेत म्हणजे मोहने गावाच्या पुढची नदीकाठची एक पट्टी. सासरचे लोक मूळचे इथलेच. बाकीच्या जमिनीवर बिल्डिंगी झाल्या, त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. ही पट्टी तेवढी उरलीय आणि तिथे कोणी काही पेरत नाही, म्हणून गाजरगवत कमरेएवढं माजलंय. पण घटाला माती आपल्या शेताचीच पाहिजे, हा सासूबाईंचा नियम. "मार्केटची माती नाय चालत गो. देवीला कलतं."

आता माझं कर्म बघा. मी ठाण्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि माझं कामच मुळांना चिकटलेल्या मातीतले जीवाणू वाढवून बघायचं. झाड मुळांतून काहीबाही पाझरत असतं आणि त्यावर आपलं गोत जमवतं. पळसाच्या मुळांशी एक गोत, बाहेरदेशातून येऊन इथे पसरलेल्या गाजरगवताच्या मुळांशी दुसरंच. त्यात गाजरगवत असं काही मातीत सोडतं की शेजारच्या बियांना उगवणं जड जातं. उपटून टाकलं तरी माती लगेच सुधारत नाही. त्याच सुमारास आम्ही कॉलेजात दोन्ही मातींत गहू पेरून बघत होतो. पळसाखालच्या मातीतला गहू तरारून आलेला, गाजरगवताच्या मातीतला रडका. म्हणजे घरच्या घटात काय होणार ते मला पेरायच्या आधीच ठाऊक होतं.

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, माती बदलूया. यात नीट उगवणार नाही."

"देवीच्या नावाने आनलेली माती परत टाकायची नस्ते," त्या म्हणाल्या आणि परडीत माती पसरून वरून गहू पेरून मोकळ्या झाल्या.

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे, मरू दे. पण मला चौथा महिना लागला होता. आदल्या वर्षी माझं एक बाळ पोटातच गेलं होतं. आणि घटाचं काय सांगतात ते सगळ्यांना माहीत असतं. रुजवण चांगली आली की घराची भरभराट. नाही आली तर काय, ते कोणी तोंडाने बोलत नाही, नुसतं बघतात.

बघण्यात मी सगळ्यांच्या पुढे होते. सकाळी कॉलेजला निघताना चप्पल घातलेली काढून परत आत जायचे. संध्याकाळी आल्यावर पर्स खांद्यावरच, आधी घटापाशी. इथे एक कोंब, तिथे एक, तेही पिवळट, मान टाकलेले. मधली माती तशीच काळी. कॉलेजात त्या रडक्या कुंडीकडे बघून मी मुलांना कारणं समजावून सांगत होते, आणि घरी तीच कारणं मला पाठ असून मी परडीतले कोंब मोजत बसायचे. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच. जेवण जाईना. नवरा म्हणाला, "अगं, तूच तर सांगितलेलंस ना मातीमुळे होतंय?" मी त्याच्यावर अशी खेकसले की तो बिचारा टीव्हीचा आवाज बारीक करून बसला. एकदा तर कॉलेजच्या फ्रिजमधली चांगल्या जीवाणूंची बाटली पर्समध्ये टाकून आणावी आणि घटात ओतावी असंही मनात आलं. मग माझी मलाच लाज वाटली.

दसरा जवळ आला आणि एका संध्याकाळी घरात शिरते तर घट हिरवागार! बोटभर नाही, चांगला वीतभर. मी देवीसमोर बसलेच खाली. जिवात जीव आला म्हणजे काय ते तेव्हा कळलं. त्या दिवशी दोन वेळा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं वाहायला गेले आणि हात सवयीने मुळांकडे गेला. आमच्या धंद्यात पानं कोणी बघत नाही. एक जुडी हलकेच उचलली, तर ती अलगद हातात आली. मुळांना आमची काळी चिकण माती नव्हतीच. तपकिरी, मोकळा नारळाचा भुसा होता.

मी जुडी घेऊन स्वयंपाकघरात गेले. "आई, हे काय?"

"गवाचं रोप."

"हा नारळाचा भुसा आहे. आपल्या शेतात नारळाचा भुसा कुठून आला?"

सासूबाईंनी गॅस बारीक केला. "मार्केटान तो गवाच्या हिरव्या कोंबांचा रस विकनारा बसतो ना, त्याच्याकडशी ट्रे आनला. अख्खा."

"म्हणजे देवीला फसवलंत?"

"तिला कशाला फसवू? तिला सांगूनच लावलं. तुला नव्हतं सांगितलं."

"मला? माझ्यासाठी केलंत हे? मी असलं काही मानत नाही आई!"

"मानत नायस, तर रोज तोंड एवढंसं करून उभी कशाला रहायचीस तिथे? जेवन सोडलंस."

मग माझा बांध फुटला. "घट नाही रुजला तर हेही बाळ जाईल, असं वाटतं मला," मी म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडून बाहेर पडलं, आणि मी ओट्याला टेकून लहान मुलीसारखी रडले.

सासूबाईंनी पदराला हात पुसले, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"माजा पयला पोटातच गेला," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधीचा. आसंच नवरात्र व्हतं. घट एवढा वाढलेला," त्यांनी हात टेबलाच्या वर उंच धरला, "गावातल्या बाया बघायला आलेल्या."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं, नंतर विचारलं तेव्हा कळलं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? सगल्या बोलत व्हत्या, काय सुंदर रुजवन आलीय, पोर भाग्याची. मी हसत व्हते. पोट दुखत व्हतं सकालपासून. एवढा चांगला घट आलेला, आता कोनाला काय सांगू, म्हनून बोललेच नाय."

त्यांनी माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि टेबलावर ठेवली.

"तू बोल," त्या म्हणाल्या. "जरा जरी दुखलं ना, तर लगेच बोल गो. घट गेला चुलीत."