शेंदेलोणाचे चार महिने

शाळा सुटली की मी चालत घरी येते. घराच्या अलीकडे चाचांचं शिलाईचं दुकान आहे आणि तिथं मला थांबावंच लागतं. लोहाऱ्यासारख्या गावात घरी जायला दुसरा रस्ता नसतो, आणि असला तरी दुसऱ्या रस्त्यानं गेल्याचं तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं.

चाचा सकाळी पेपर वाचतात. कापडाच्या कात्रीनं कागद कापू नये, धार जाते, असं ते सगळ्यांना सांगतात. आरोग्याची बातमी मात्र त्याच कात्रीनं कापतात आणि टाचणीनं भिंतीला लावतात. मशिनीच्या मागची ती भिंत आता अशा कात्रणांनी भरलीय. मी आले की त्यातलं नवं कात्रण खाली उतरतं.

"या मास्तरीणबाई. अंड्याच्या पिवळ्या बलकाला आज जामीन झाला बघा."

"परवा तर खाऊ नका म्हनत हुते की," बाकड्यावरचं कुणीतरी म्हणतं.

"परवाचे शास्त्रज्ञ येगळे, आजचे येगळे. दोघांच्या कोंबड्या बी येगळ्या असतील."

मग सगळे हसतात आणि माझ्याकडं बघतात. मी पिशवी खाली ठेवून वाचते. सहा तास शिकवून घसा बसलेला असतो, पाय दुखत असतात. तरी वाचते. आमच्या गल्लीत विज्ञान शिकलेली मी एकटी. घरात दहावीच्या पुढं गेलेलीही मी पहिलीच. नळदुर्गला कॉलेजात असताना मी समीकरणं सोडवायला शिकले, पानाचा आडवा छेद काढायला शिकले. परदेशात कुणीतरी केलेल्या संशोधनाची चार ओळींची बातमी कशी तोलायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण चार जणांनी कौतुकानं पुढं केलेला कागद 'मला कळत नाही' म्हणून परत कसा करायचा? त्या चार जणांत बहुतेक वेळा माझे वडीलही असायचे.

अण्णा आचारी. लोहाऱ्यापासून नळदुर्गपर्यंतच्या गावांत लग्न असलं की त्यांना बोलावणं यायचं. पाचशे माणसांच्या वरणात त्यांनी कधी मीठ मोजून टाकलं नाही. ओंजळीनं टाकायचे, पळीनं एक घोट तळहातावर घ्यायचे, चाटायचे आणि मान हलवायचे. एवढंच. पंगत उठेपर्यंत कुणी मीठ मागितलं नाही की त्यांना जेवल्यासारखं वाटायचं. मी पंख्याखाली बसून शिकले ती सगळी वर्षं ते भट्टीपुढं उभे होते. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी देवघराशेजारी लावलंय. येणाऱ्या पाव्हण्याला आधी ते दाखवतात, मग पाणी देतात.

मागच्या वर्षी त्यांचं डोकं दुखायला लागलं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. घरी येऊन अण्णा हसले. म्हणाले, "सुताराला म्हनायचं, लाकूड कमी कर." गोळी ते नियमानं घ्यायचे. मीठ मात्र होतं तेवढंच राहिलं. आईनं एकदा कमी टाकून बघितलं, तर त्यांनी ताट बाजूला सारलं नाही, पण दुसरी भाकरीही मागितली नाही. आईला ते बघवलं नाही.

ती मिठाची बातमी आली त्या दिवशी माझ्या पिशवीत दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर होते. दोन वर्गांचे. चाचांनी हाक मारली तेव्हा मी थांबले, पण पिशवी खांद्यावरून काढली नाही. अण्णा बाकड्यावर होते. आई भाजी घेऊन परतत होती, तीही उभी राहिली.

मथळ्यात मोठ्या अक्षरात पांढरं मीठ आणि रक्तदाब, दोन्ही होते. मी मथळा वाचला, पहिला परिच्छेद वाचला आणि सांगितलं, "मीठ जास्त खाल्लं की रक्तदाब वाढतो. कमी केलं की उतरतो. डॉक्टर म्हणाले तेच."

"कंचं मीठ म्हनतेत?" अण्णांनी विचारलं.

"पांढरं. पुडीतलं."

"आन् शेंदेलोण?"

मी कागदावर नजर फिरवली. "त्याचं यात काही दिसत नाही."

"त्याचं कशाला लिहितील?" आई म्हणाली. "ते उपासाला चालतंय. मीठ असतं तर उपास मोडला नसता का?"

आमच्याकडं एकादशीला, सोमवारला साधं मीठ चालत नाही. शेंदेलोणाचा गुलाबी खडा कुटून शेंगदाण्याच्या आमटीत, भगरीत टाकतात. जन्मापासून बघितलेली गोष्ट. बाकड्यावरच्या सगळ्यांना आईचं म्हणणं पटलं. मला पटलं नाही. शेंदेलोण म्हणजेही मीठच, हे मला नववीपासून माहीत होतं. ते सांगायचं तर पिशवी खाली ठेवावी लागली असती, उपवास कशानं मोडतो आणि रक्तदाब कशानं वाढतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजावावं लागलं असतं, आणि आई सगळ्यांसमोर खोटी पडली असती. सगळे माझ्याकडं बघत होते. मी "हं" म्हणाले आणि घरी गेले.

तेवढ्या एका 'हं'वर गल्लीतलं मीठ बदललं.

आईनं पांढऱ्या मिठाची बरणी भांडी घासायला मोरीत नेऊन ठेवली. चाचींनीही बदललं. "आता अण्णा उस्तादांच्या उपासाचं मीठ आमच्या खिचड्यात," असं चाचा गिऱ्हाइकांना सांगायचे. विचारलं की म्हणायचे, "पक्की खबर हाय. आचाऱ्याच्या लेकीनं वाचलीय."

आमच्या घरात तर सण आल्यासारखं झालं. इतके दिवस नको नको म्हणत खाल्लेल्या गोष्टी आता उघडपणे ताटात आल्या. शेंदेलोण घातलेलं लिंबाचं लोणचं, शेंदेलोणाचे पापड, ताकात वरून चिमूट. जाडसर कुटलेलं ते मीठ चवीला जरा मवाळ लागतं, म्हणून आई दोन चिमटी वाढवूनच टाकायची. अण्णा पोटभर जेवत. दुसरी भाकरी मागत. कुणी तब्येतीचं विचारलं की अभिमानानं सांगत, "माझं मीठ बंद हाय."

मी रोज त्यांच्यासमोर जेवायला बसायचे. मला दिसत होतं. उद्या सांगू, रविवारी सांगू, असं करत राहिले. गोळी तर चालू आहे, असंही मनाशी म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर ते खूश होते, ते मला मोडवत नव्हतं. असे चार महिने गेले.

मग नळदुर्गच्या बाजूच्या एका गावातल्या लग्नात वरण ढवळताना अण्णांच्या उजव्या हातातला मोठा डाव गळून पडला. वाकून उचलायला गेले तर बोटं मिटेनात. बरोबरच्या माणसांनी त्यांना तांदळाच्या पोत्यावर बसवलं, मग जीपमध्ये घातलं. मला शाळेत फोन आला. मी दवाखान्यात पोचले तोपर्यंत बोटं हलायला लागली होती, पण ते हाताकडं असं बघत होते की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

डॉक्टर म्हणाले, या खेपेला निभावलं, हा इशारा समजा. लगेच मोठ्या दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मीठ कमी केलं होतं का?"

"कमी न्हाय सायेब, बंदच," अण्णा म्हणाले. "चार महिने झाले. निस्तं शेंदेलोण."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. "तुम्ही काय करता?"

"शाळेत शिकवते."

"काय शिकवता?"

"विज्ञान."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "तेही मीठच आहे, मॅडम," आणि परत लिहायला लागले.

पुढचे दिवस तपासण्यांत गेले. गोळ्या बदलल्या. अण्णा घरी आल्यावर पहिल्या रविवारी दुपारी मी दोन वाट्या घेतल्या. एकीत पांढरं मीठ, एकीत शेंदेलोण, पाणी सारखं. माझ्या मनात होतं की वर्गात करतात तसं करून दाखवावं, मग समजावणं सोपं जाईल. वाट्या त्यांच्यापुढं ठेवल्या. म्हटलं, नुसती जीभ लावा आणि सांगा.

अण्णांनी डाव्या हाताचं बोट दोन्हींत बुडवलं. "हे पुडीतलं. हे शेंदेलोण."

"खारट कोणतं?"

"दोन्ही की गं. मीठच हाय ते. येकाचा खडा येगळा, येवढंच."

मी पुढं काय बोलायचं ते ठरवून आले होते, ते सगळं राहून गेलं. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्सं ह्याच्यातच गेली. म्हाईत नसंल व्हय?"

"मग बोलला का नाही?"

अण्णांनी बोट धोतराला पुसलं. "म्हनलं, माजी जीब अडाणी. तू वाचलं हुतंस."

स्वयंपाकघरात आई ऐकत होती. ती बाहेर आली नाही. मी वाट्या उचलून मोरीत ओतल्या. तिथं पांढऱ्या मिठाची बरणी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना चाचांच्या भिंतीवरचं ते कात्रण मी स्वतः काढलं आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की काळं, गुलाबी, सैंधव, कोणतंही असो, मीठ ते मीठच, त्याचं प्रमाण महत्त्वाचं. कात्रण खालून दुमडून टाचणीत खोचलेलं होतं. तो दुमडलेला भाग मी त्या दिवशी उघडलाच नव्हता.

"काय झालं बेटा? हे बी रद्द?" चाचांनी विचारलं.

"रद्द नाही चाचा. मीच अर्धं वाचलं होतं."

चाचांनी मशिनीवरचा पाय थांबवला. मग म्हणाले, "दुमडलं तर म्याच हुतं. लांब व्हाया लागलं हुतं म्हून." एवढं म्हणून त्यांनी परत पाय चालवला. घरी जाऊन चाचींना सांगतो म्हणाले.

मी गल्लीत प्रत्येक घरी गेले. विज्ञान सांगायला गेल्यावर लोक आदरानं ऐकतात, पण चूक सांगायला गेल्यावर वैतागतात, हे मला तेव्हा कळलं. समोरच्या मावशी म्हणाल्या, "उपासाचं हाय ते. त्यानं कसं काय हुईल?" एकजण म्हणाला, "तुमचं रोज बदलतंय. आमी कुनाचं ऐकावं?" किराणा दुकानदारानं शेंदेलोणाचं पोतं भरून ठेवलं होतं, तो तर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. दोन घरांनी ऐकलं असावं. बाकीच्यांचं मला माहीत नाही. एका संध्याकाळचं 'हं' परत घ्यायला मला दोन आठवडे लागले आणि तेही पुरतं परत आलं नाही.

अण्णा आता लग्नं घेत नाहीत. कुणी फारच आग्रह केला तर जाऊन खुर्चीत बसतात, वासावरून सांगतात. मीठ दुसरा टाकतो. घरी आई निम्म्यानं मीठ घालते आणि दोघं समोरासमोर बसून जेवतात. तक्रार नाही. मागच्या आठवड्यात म्हणाले, "मेथी येवढी कडू असती, हे आत्ता कळालं बघ." दुसरी भाकरी अजून मागत नाहीत. दर महिन्याला मी त्यांना दवाखान्यात नेते. रक्तदाबाचा वरचा आकडा कधी उतरतो, कधी नाही.

चाचांचं दुकान रस्त्यातच आहे, ते काही हललं नाही. वाटलं होतं, आता मला कुणी बोलावणार नाही. सुटल्यासारखंही वाटलं होतं. पण काल पाच वाजता हाक आलीच.

"मास्तरीणबाई, गुळाचं आलंय. साखरंपेक्षा बरा म्हनतेत. ह्यावेळी दुमडलं न्हाय बगा, लांबच्या लांब ठिवलंय."

अण्णा बाकड्यावर बसले होते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उजव्या हाताची मूठ मिटत होते, उघडत होते. मी पिशवी खाली ठेवली आणि कात्रण हातात घेतलं.

"आधी खालचं वाच, माय," अण्णा म्हणाले.

मी शेवटच्या परिच्छेदापासून वाचलं. मग मधलं, मग वरचं. संशोधन किती लोकांवर केलं, किती दिवस केलं, त्यात काहीच नव्हतं. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी काय करावं, तेही नव्हतं. चाचांना साखरेचा आजार आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. दोन वेळा वाचून झाल्यावर मी कागद त्यांना परत दिला.

"मग? गूळ खाऊ का न्हाय?"

"यावरून मला सांगता येत नाही, चाचा. तुमच्या डॉक्टरांना विचारा. सोमवारी अण्णांना घेऊन जाणारच आहे, तुम्हीही चला."

बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "येवढं शिकून बी सांगता येईना व्हय?"

चाचांनी कात्रण भिंतीला लावलं नाही, घडी करून खिशात ठेवलं. "सोमवारी कितीला?" त्यांनी विचारलं.

"धाला," अण्णांनीच सांगितलं. मग माझी पिशवी उचलायला त्यांनी उजवा हात पुढं केला. तिचा बंद बोटांत नीट बसेना, म्हणून डावा लावला, आणि आम्ही घरी गेलो.