एका खोलीत दोन प्रोग्राम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या पहिल्या साहेबांइतका संतापी माणूस डहाणू ते तलासरी या पट्ट्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांचा संताप कायमचा विझवणारा माणूस मी आहे.

साहेब सरावलीचे, चिकूच्या वाडीवाले. नव्वदच्या दशकात तलासरीजवळच्या आमच्या कारखान्यात कपाटाएवढा कॉम्प्युटर आला, तो त्यांनी सांभाळला. गेटपासून स्टोअरपर्यंत सगळ्यांच्या टेबलांवरचे हिरव्या अक्षरांचे पडदे त्या एका कपाटाला जोडलेले. वेगळेपणाचं त्यांना वेड होतं. कॉम्प्युटरच्या खोलीतली चप्पल वेगळी, ऑफिसातली वेगळी. डब्यातल्या आमटीचा थेंब भाजीला लागला तर डबा बंद करून उपाशी राहत. एकदा मी त्यांच्या भातावर प्रेमाने कढी वाढली. "भेळ करायची हौस असेल तर डहाणू रोड स्टेशनबाहेर गाडी लाव!" असे कडाडले की शेजारच्या टायपिस्टचा कागद फाटला. स्टोअरचे गुजराती भाई कपाळाला हात लावून म्हणाले, "साहेबनो मगज तो बॉयलर छे. कढी त्यावरच ठेवायची, गरम राहील." साहेबांना हसू आलं, आणि हसू आलं म्हणून ते पुन्हा चिडले.

पण त्यांचा खरा जीव प्रोग्रामांवर. प्रत्येक प्रोग्राम त्याच्या स्वतंत्र खोलीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या वेगळ्या कप्प्यात, चालला पाहिजे आणि काम संपलं की ती खोली झाडून बंद झाली पाहिजे, असा त्यांचा दंडक. दोन प्रोग्राम एका खोलीत ठेवले की पहिल्याने करून ठेवलेले फेरफार दुसऱ्याला बाधतात. नव्या पोराला ते विचारत, "परक्याच्या अंथरुणात झोपशील का रे? मग प्रोग्रामला का झोपवतोस?" पोरगं गोंधळून "नाही साहेब" म्हणे, आणि "मोठ्याने बोल!" म्हणून वर आणखी बोलणी खाई.

मला या सगळ्याचा राग यायचा. प्रत्येक वेळी नवी खोली उघडायची म्हणजे पडदा यायला उशीर, आणि गेटवरचा हजेरी कारकून माझ्या नावाने शंख करी. एका सकाळी साहेब विवळवेढ्याला देवीच्या दर्शनाला गेले होते. गेटवरच्या पडद्यावर मी रजेचा नवा प्रोग्राम तपासत होतो. तो खऱ्या हजेरीला हात लावू नये म्हणून त्याची दिशा एका तात्पुरत्या फाइलकडे वळवली, आणि वेळ वाचवायला त्याला हजेरीच्याच खोलीत घुसवला. माझं काम संपलं. खोली झाडायची मात्र राहिली. मागून आलेल्या हजेरीच्या प्रोग्रामला दिशा तशीच वळवलेली मिळाली. अख्ख्या पाळीची हजेरी माझ्या तात्पुरत्या फाइलमध्ये पडत गेली, आणि दुपारी मी ती फाइल पुसून टाकली. संध्याकाळी गेटवर दीडशे माणसं ओरडत उभी. कॉम्प्युटरच्या लेखी सकाळी कामावर कोणी आलंच नव्हतं!

मॅनेजरने साहेबांना सगळ्यांसमोर झापलं. "तुमच्या त्या खोल्यांच्या खुळानेच घोटाळा केला!" अरे मूर्खा, त्या खोल्यांनीच तर तो टळला असता! हे वाक्य आजही माझ्या डोक्यात ओरडतं. साहेबांनी रात्रंदिवस खपून, आपण लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम ओळीओळीने तपासला. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेतलं. "तू काही केलं होतंस का रे? सांग, मी काही बोलणार नाही."

"नाही, साहेब."

मला वाटलं, आता बॉयलर फुटणार. फुटायला हवा होता. ते एवढंच म्हणाले, "मग माझंच कुठेतरी चुकलं असेल." त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला, आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. त्या खुर्चीवर मी अठरा वर्षं बसलो. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं त्यातल्या प्रत्येक दिवशी वाटलं. मारली एकदाही नाही.

साहेब आता थकलेत. गेल्या महिन्यात वाडीवर गेलो तर चिकूच्या सावलीत बसले होते. गडी चुकीच्या झाडावर चढला होता, तरी त्याच्यावर ओरडले नाहीत. शेजाऱ्याशी माझी ओळख करून देताना म्हणाले, "हा माझ्या हाताखाली तयार झाला. माझ्यासारखी चूक याने कधी केली नाही." मी चहा संपवला आणि निघालो.

चूक माझी होती, हे मी अजून त्यांना त्यांच्या तोंडावर सांगितलेलं नाही. तेवढं त्यांचं देणं माझ्याकडे आहे.