चाचांनी भरलेला सील

गादी भरून झाली की चाचा तिच्या मधोमध एक बुक्की मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज पसंत पडला तरच गिऱ्हाइकाला म्हणायचे, "ने आता. पोट भरल्याबिगर शकल येत नाई."

दिग्रसला बसस्टँडमागे त्यांचं दुकान होतं. तुम्हीही अशा एखाद्या दुकानात नाकाला रुमाल लावून उभे राहिला असाल. कापूस मातीमोल झाल्याची ती वर्षं. कापूस पिकवणाऱ्यांच्या लेकरांनी फक्त बोंडअळीच ओळखावी, हा कुठला न्याय? समुद्रही त्यांचाच आहे! म्हणून आम्ही पोरापोरींनी शाळेच्या मैदानात विज्ञान जत्रा ठरवली आणि चाचांकडे दक्षिण ध्रुवाकडचा हत्ती सील शिवायला टाकला.

"खाते काय थो?" चाचांनी विचारलं.

"माकूल. खोल समुद्रात राह्यते. दहा हात, अंग मऊ, हाडं नाईत. चोच तेवढी टणक."

"हड्डी नाई? मंग थे त आपल्याच बिरादरीचं."

जत्रेच्या आदल्या सकाळी सील तयार होता. गादीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाचा, आखूड सोंडेचा, वासराएवढा. पण पोट कापसाने गच्च. आम्हाला ते पोकळ हवं होतं. माकूल पचतो, त्याची चोच लवकर पचत नाही. पोटात उरलेल्या चोचींवरून शास्त्रज्ञ सीलचं जेवण ओळखतात. मुलांनी हात घालून तेच शोधायचं होतं. नाहीतर आमचा सील म्हणजे नुसता लोड.

"रिकामं पोट मी शिवत नाई."

"चाचा, हे शास्त्र हाय."

"आन् हे माहं इमान हाय."

मी तावातावाने भाषण ठोकलं. तेवढ्यात त्यांनी चहा संपवला, टाके उसवले, कापूस बाहेर ओढला आणि त्याच कापसाचे माकूल करायला बसले. चिंध्यांचे हात, करवंटीची चोच. संध्याकाळी पोट पुन्हा गच्च, माकुलांनी!

जत्रेत सीलभोवती ही झुंबड. चाचा पहारा देत होते. "काढला त वापस टाक बे. उपाशी मारतं काय त्याले?"

एका आजीने विचारलं, "येवढंच खाते काय, बाप्पा?"

"मासे बी खाते, माय. पन याचा शौक भारी."

बाजूच्या टेबलावर कापसाला भाव मागणाऱ्या आमच्या पत्रकांना कुणी हात लावत नव्हतं.

दिवस कलला तेव्हा पोट सपाट. माकूल दप्तरांतून, फ्रॉकच्या ओच्यांतून घरोघर गेले होते. मी संतापलो. चाचा मात्र खूश. फक्त रिकाम्या पोटाचा सील बाजारातून न्यायला ते तयार नव्हते.

"हे कागद उरले नं तुमचे?"

"चाचा, मागण्या हायेत त्या आमच्या."

"मंग त चांगल्या भरतीन."

चाचा आता नाहीत. त्या जागी फोमच्या गाद्या मिळतात. मला ते आठवतात त्या संध्याकाळचे: सायकलच्या कॅरिअरवर आमच्या सगळ्या मागण्या गिळलेला हत्ती सील, पुढे हँडल धरून चाचा, दर दुकानापुढे थांबून बर्फातल्या समुद्राची खबर देणारे, आणि मागे सीलची शेपटी सावरत मी.