आत्याने निवडलेला अ‍ॅम्प्लिफायर

माझी आत्या लोकांचे कान तपासते. दवाखान्याच्या तळमजल्यावर तिची एक छोटी आवाजबंद खोली आहे. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, काचेपलीकडून आत्या एकेक बारीक सूर सोडते आणि सूर ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. तिचे स्वतःचे कान इतके तिखट की आमचा फ्रिज बिघडणार हे तिने एकदा जिना चढता चढताच सांगितलं होतं.

असे कान असलेल्या माणसाशी वैर धरू नये. माझ्या बाबांनी धरलं, आणि वर त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

बाबा तिचे थोरले भाऊ. आमच्या घरातली मागची खोली पूर्वी आत्याची होती. आजोबांनी तिला तिथे एक लांब टेबल करून दिलं होतं. शाळेत असल्यापासून ती त्यावर शेजारपाजारचे बंद पडलेले रेडिओ उघडून बसायची. आजोबा गेल्यावर ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली. परत आली तेव्हा त्या खोलीत जाड गालिचा होता, भिंतींना फोम चिकटवलेला होता, समोर कमरेएवढे दोन स्पीकर उभे होते आणि मधोमध बाबांची आरामखुर्ची.

"दादा, माझं टेबल कुठंय?"

"भंगारवाल्याला दिलं. नुसत्या तारा आणि कचरा होता गं त्यावर. ते सोड, हे ऐक."

बाबांनी रेकॉर्ड लावली. आत्याला पहिल्या ओळीतच कळलं की डाव्या स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आहेत. लाल जागी काळी, काळ्या जागी लाल. असं झालं की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो, आणि गायिका समोर उभी राहण्याऐवजी खोलीभर विखुरते. दुकानदार तेवढे चोर असं बाबांचं ठाम मत असल्यामुळे जोडणी त्यांनी स्वतःच केली होती. सुधारायला दोन मिनिटं लागली असती.

"कसं वाटतंय?" बाबांनी विचारलं. "मला जरा पोकळ वाटतं. खालचा आवाज भरत नाही."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग जिथे टेबल असायचं तिथल्या गालिच्याकडे पाहिलं.

"अ‍ॅम्प्लिफायर कमी पडतोय," ती म्हणाली.

दवाखान्याजवळ तिने एक खोली भाड्याने घेतली. एवढीशी खोली. रेडिओ उघडायचा तर पलंगावर वर्तमानपत्र पसरायचं, आणि झोपायच्या आधी सगळे स्क्रू डबीत भरून ठेवायचे. सकाळी पाठीला एखादा टोचायचाच.

बाबा मात्र दर वेळी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला तिलाच शोरूमला न्यायचे. पाहुण्यांसमोर तिला "आमची तारावाली" म्हणायचे, पण कानांवर भरवसा तिच्याच. आणि आत्या मन लावून निवडायची. घरून स्वतःच्या रेकॉर्डी न्यायची, एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायची. विक्रेता एखाद्या अ‍ॅम्पचा आवाज हळूच चढवून तो चांगला भासवायला लागला की म्हणायची, "दोन्ही सारखे लाव रे, मी काय आज पहिल्यांदा आले का?" आकड्यांना भुलायची नाही. अवजड स्पीकरलाही न दमता ढकलणारा, हळू आवाजातही न विस्कटणारा, असाच ती निवडायची. तिने बाबांना एकदाही वाईट यंत्र घ्यायला लावलं नाही.

"वाईट घेतला असता तर त्याने यंत्राला शिव्या घातल्या असत्या आणि सुटला असता," असं ती मला नंतर म्हणाली. "चांगलाच घेऊन दिला. बस म्हटलं शोधत."

शोरूममध्ये तो अ‍ॅम्प्लिफायर खोली हलवायचा. घरी आला की मुका. बाबा खुर्ची पुढे सरकवायचे, मागे सरकवायचे, पडदे बदलायचे, फोम उपटायचे, परत चिकटवायचे. आई दारात उभी राहून बघायची.

"अहो, आता भिंतच बदला एकदाची."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"तुम्हाला तरी कुठे कळतंय?"

थोड्या महिन्यांनी तो अ‍ॅम्प्लिफायर मातीमोल भावात जायचा, आणि बाबा आत्याला फोन करायचे. आत्या लगेच यायची. इतकी प्रेमळ बहीण लाभली म्हणून बाबा चारचौघांत सांगायचे.

शेवटचा अ‍ॅम्प्लिफायर आणायचा ठरला तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलावर आत्याला म्हणाले, "हा शेवटचा. हाही नाही वाजला तर सगळं विकून टाकतो. छोटे, मग ती खोली तूच घे हवं तर. तुझ्या त्या तारा पसर."

ते हसत म्हणाले. आत्या हसली नाही. त्या खोलीसाठी ती इतकी वर्षं गप्प बसली होती, आणि बाबांनी ती अशी मीठ पुढे सरकवावं तशी पुढे सरकवली होती.

हा अ‍ॅम्प्लिफायर तिने सगळ्यांत जास्त वेळ घेऊन निवडला. काळा, दोन्ही बाजूंना धारदार पंख असावेत तशा धातूच्या पट्ट्या, आणि इतका तापणारा की आई म्हणाली, "चला, थंडीत निदान हात तरी शेकता येतील." दोन हमालांनी पट्टे लावून तो वर आणला. दुकानाने सांगितलं, जोडणीला आमचा माणूस येईल, तपासून देईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

दुकानाचा माणूस आला असता तर त्याला डावा स्पीकर लगेच सापडला असता.

"दादा, परका माणूस कशाला घरात? मी आहे ना."

"बघ," बाबा आईला म्हणाले, "याला म्हणतात रक्ताचं नातं."

नव्या यंत्रासोबत नव्या जाड तारा होत्या. जुन्या सगळ्या निघाल्या, आणि त्यांच्याबरोबर बाबांची ती चूकही निघाली. आता नीट जोडलं की संपलं. आजवर चूक बाबांची होती, आत्या फक्त बोलत नव्हती. आता मात्र तार तिच्या हातात होती. ती स्पीकरच्या मागे गुडघ्यांवर बसली. बाबा बाहेर चहा घेत होते.

तिने डावीकडची लाल तार काळ्यात घातली, काळी लालमध्ये, आणि घुंड्या आवळल्या.

"हात थरथरला का गं?" मी तिला विचारलं होतं.

"छे! आयुष्यात इतकं घट्ट काही आवळलं नव्हतं."

बाबांनी रेकॉर्ड लावली. एक बाजू पूर्ण ऐकली. मग उठून सुई उचलली आणि तसेच उभे राहिले. रागावले नाहीत, खुर्चीही सरकवली नाही.

"अ‍ॅम्प्लिफायरचा दोष नाही हा," ते म्हणाले. "माझेच कान गेलेत. आपल्या बाबांचे गेले होते तसे. छोटे, उद्या तुझ्याकडे येऊ का?"

दुसऱ्या दिवशी बाबा त्या आवाजबंद खोलीत बसले. काचेतून आत्याला ते डोळे मिटलेले, बटणावर अंगठा घट्ट धरलेले दिसत होते. तिने सूर सोडले. तिला वाटलं होतं त्यापेक्षाही बारीक सुरांना त्यांचा अंगठा हलत होता. आलेख पूर्ण झाला. बाबांच्या वयाच्या माणसाचे इतके चांगले कान तिने क्वचितच पाहिले होते.

बाबा बाहेर आले, शर्टाचं वरचं बटण उगाच लावलं, काढलं. "खरं सांग. गेले ना?"

एक 'हो' म्हटलं असतं तर खोली तिची होती. गालिचा, फोम, ती खुर्ची, सगळं त्याच आठवड्यात निघालं असतं. बाबांनी वर तिचे आभार मानले असते.

पण दवाखान्यातली तिची खुर्ची तिच्या पेशाची होती. घरात ती हवं तेवढं खोटं बोलली असती. त्या खुर्चीत बसून कुणाच्या कानांबद्दल ती आजवर खोटं बोलली नव्हती. शिवाय, हेही तिनेच सांगितलं, तिला एकाएकी वाटलं की बाबांना कळलंच नाही तर आपण कुणाची जिरवली? इतकी वर्षं केलेलं सगळं नुसतं अपघातासारखं दिसणार.

"कान ठणठणीत आहेत, दादा," ती म्हणाली. "डाव्या स्पीकरच्या तारा उलट्या आहेत."

"काय?"

"उलट्या. लाल जागी काळी."

"कालपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू जोडल्या होत्यास तेव्हापासून. काल मी जोडल्या."

"तुला माहीत होतं?"

"तू माझं टेबल विकलंस ना, त्या दिवसापासून माहीत होतं."

बाबा उभेच राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक अ‍ॅम्प्लिफायर जाताना तिला दिसला म्हणे: पहिला, मग तो रुपेरी, मग काचेच्या नळ्यांचा, सगळेच्या सगळे चांगले आणि सगळे फुकापासरी गेलेले. मग ते निघून गेले. बाहेर पुढचा पेशंट बसला होता, आत्याने त्याला आत घेतलं.

घरी येऊन बाबा थेट मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळाने आईचा आत्याला फोन गेला. "ताई, काय केलंत हो? भांडी हलतायत स्वयंपाकघरात. आणि हे आत दार लावून बसलेत. हसतायत की रडतायत, काही कळत नाही."

"दोन्ही असेल," आत्या म्हणाली.

खोली अर्थातच आता सुटणार नाही. बाबा तिथून जेवायलाही वेळेवर उठत नाहीत. आत्याशी बोलणं बंद आहे आणि तिने घरी यायचं नाही, असा निरोप त्यांनी आईमार्फत पाठवला. आईने तो पोचवला आणि वर स्वतःचं म्हणून जोडलं, "टेबल विकलं तेव्हाच मी यांना म्हटलं होतं."

मागच्या रविवारी मी आत्याकडे गेले. ती पलंगावर वर्तमानपत्र पसरून कुणाचा तरी रेडिओ उघडत होती. पश्चात्ताप होतो का, असं मी विचारलं.

"त्याचा चेहरा तू पाहिला नाहीस," ती म्हणाली. "मी पाहिलाय. पुरतो तो मला."

तिने एक स्क्रू डबीत टाकला, दुसरा काढला.

"पण तो काळा अ‍ॅम्प्लिफायर आहे ना, फार सुंदर चीज आहे गं. इतकं शोधून मी काहीच निवडलं नव्हतं. आणि त्या खोलीत तो नीट जोडलेला कसा वाजतो, ते मला कधी ऐकायला मिळायचं नाही." तिने वर पाहिलं. "तू ऐकलास का? कसा वाजतो?"

मी सांगायला लागले, तशी तिने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.