न चाखलेला दुधी

दुधी चिरण्याआधी देठाकडची एक फोड मी आजही कच्ची चावून बघते. सुना हसतात. हसोत बापड्या, त्यांनी मामांची ती दुपार पाहिलेली नाही.

मामा म्हणजे माझे सासरे. दुष्काळानंतरचा उन्हाळा होता आणि माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वाटूरजवळच्या आमच्या गावात रान उजाड पडलं होतं, पण न्हाणीच्या सांडपाण्यावर दुधीचा एक वेल तगला होता. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचा दंडकच होता, "चाखल्याबिगर दुधी इळीला लावायचा न्हाई." त्यांच्या तोंडाला मी इतकी भ्यायचे की विळीसुद्धा आवाज न करता मांडायचे.

त्या दिवशी अक्षय तृतीया, पितरांचा नैवेद्य. चाखावं तर भाजी उष्टी, न चाखावं तर दंडक मोडतो. आत्याबाई पुरण वाटत होत्या, त्यांना विचारायचा धीर झाला नाही. शेवटी हरभऱ्याची डाळ घालून दुधी तसाच शिजवला.

यजमान भोकरदनच्या बाजाराला गेले होते, म्हणून मामा एकटेच जेवायला बसले. पहिला घास घेतला, थांबले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "भाजी अजून हाये का?"

मी हरखले. पातेलं रिकामं होईपर्यंत वाढत राहिले. नंतर पातेल्याला चिकटलेली भाजी पोळीने पुसून तोंडात घातली, तर कडूजहर! ती थुंकेपर्यंत ओसरीवरून ओकाऱ्यांचा आवाज आला. उलटीत रक्त होतं. 

शेजाऱ्यांनी गाडीला बैल जुंपले. वाटूरपर्यंत मी मामांचे तळवे चोळत होते आणि ते गारच पडत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?"

"ऊन लागलं वं त्यायला," आत्याबाई म्हणाल्या.

मामांनी डोळे न उघडता सांगितलं, "रानात शिळी भाकर खाल्ली व्हती."

ते खोटं बोलत होते आणि खरं मला एकटीला ठाऊक होतं. बोलले तर आत्याबाई मला माहेरी धाडतील. न बोलले तर मामा जातील.  डॉक्टर उन्हाचं औषध काढू लागले तेव्हा कशीबशी बोलले, "दुधी कडू व्हता. म्या चाखला न्हाई." आत्याबाईंकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"आधी सांगायचं ना! कडू दुधी म्हणजे विष!" डॉक्टर ओरडले आणि त्यांनी सलाईन लावलं.

मामा तिसऱ्या दिवशी घरी आले. मी रडत विचारलं, कडू लागल्यावर पुन्हा का मागितली?

"मागून तुम्ही दोघी बसणार व्हत्या. आन् बोललो असतो तर हिनं तुला सणाच्या दिवशी रडवलं असतं. मंग म्हणलं, कडू तर कडू, औषध समजून संपवू."

आत्याबाईंनी ते उंबऱ्यातून ऐकलं. मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि त्याचीच मला वर्षभर जास्त भीती वाटली. पुढच्या अक्षय तृतीयेला मी विळीवर बसले, तर त्यांनी दुधी माझ्या हातातून घेतला. देठाकडची फोड कापून माझ्या तोंडापुढे धरली.

"चाख," त्या म्हणाल्या. "पितरं खातेत उष्टं."

आणि दुसरी फोड त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली.