शिंप्याच्या खाटेजवळचं स्टूल

वॉर्डातल्या मावशीला सगळे 'भोंगा' म्हणत, ते काही उगीच नाही. "कूस वळा!" म्हणून ती या टोकाला ओरडली, की त्या टोकाचे आजारीसुद्धा वळायचे. हात मात्र लोण्यासारखा. फक्त कुणाला काही विचारायची सवय नव्हती.

मग नवी डॉक्टरीण आली. तिने प्रत्येक खाटेशी एक स्टूल ठेवायला लावलं. उभ्याउभ्या हुकूम सोडायचे नाहीत. बसायचं, आधी आजाऱ्याचं ऐकायचं, त्याने हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही.

"पोराला विचारून कुणी एरंडेल पाजतं का?" भोंगा फणकारली.

खिडकीशी एक म्हातारा शिंपी होता. साखरेच्या आजाराने त्याचं पाऊल काळं पडलेलं, विष वर चढत चाललेलं. पाय नाही कापला तर माणूस हातचा जाणार. त्याला समजवायला डॉक्टरीण स्टुलावर टेकली मात्र, म्हातारा कळवळला.

"अहो, उठा उठा! तिच्या मांडीवर बसलात!"

डॉक्टरीण झटकन उठली. "कुणाच्या, बाबा?"

"आमच्या हिच्या. वारली खरी, पण मला सोडून जातेय कुठे! बाई, जन्मभर कापडावर खडूने तिने आखायचं आणि कात्री मी चालवायची. तिने आखल्याशिवाय साधा खिसा कापला नाही मी. पाय कसा कापू देऊ?"

डॉक्टरीण हसली नाही. "मग विचारा त्यांना. पण आजच. उद्यावर टाकलं तर माझ्या हातात काही राहायचं नाही."

ती गेल्यावर भोंग्याने कपाळावर हात मारला. "एक खुळा आणि दुसरी त्याला मान डोलावणारी!" फरशी पुसायला तिने स्टूल ओढलं. हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, तरी जागचं ढळेना. बसायची फळी कोमट लागली, कुणी नुकतंच उठावं तशी. नाही, बसलेलंच असावं तशी. ऊन तर त्या बाजूला फिरकलंही नव्हतं.

भोंग्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खाली आला.

"सरकता का हो जरा?"

स्टूल सरकलं.

दुपारी डॉक्टरीण आली. भोंग्याने म्हाताऱ्याचं पांघरूण बाजूला केलं आणि तिचा हात तसाच राहिला. गुडघ्याच्या वर, मांडीभोवती खडूची पांढरी रेघ होती. बारीक, सरळ, मध्येमध्ये शिंपी देतात तशा खुणा. म्हाताऱ्याच्या बोटांना खडूचा कण नव्हता. स्टुलावर मात्र भुकटी सांडली होती.

"हे तुम्ही केलंत, मावशी?"

"मला वाटलं, तुम्ही."

डॉक्टरीण रेघेवर वाकली. "इथेच कापायचं मी सकाळी मनाशी ठरवलं होतं," ती हळूच म्हणाली. "बोलले नव्हते कुणाशीच."

म्हाताऱ्याने मान उचलून पाहिलं आणि तो चक्क हसला. "शिवणीला कापड थोडं जास्तच सोडलंय बघा. तिची खोडच ती. चालवा कात्री, बाई."

म्हातारा वाचला. कुबड्या घेऊन घरी निघाला, तेव्हा दारात थांबून बाजूला झाला, कुणाला तरी पुढे जाऊ दिलं, मग निघाला.

ते स्टूल आता एका बोटाने सरकतं. तरी भोंगा प्रत्येक स्टुलाला आधी विचारते, आजाऱ्याला कुशीवर वळवतानाही विचारते. लोक हसतात, हसोत. परवा कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेपाशी तिने असंच विचारलं, जरा कान दिला, आणि "बसा, बसा," म्हणत स्टुलाच्या कडेकडेने पुसून पुढे गेली.