नॉबवरची लाल खूण

"हातोडा कोणी मारला?" मी विचारलं.

गाडी हॉइस्टवर वर चढवलेली होती. मी मागच्या बंपरखाली उभा होतो आणि समीर पिवळ्या रेषेमागे, कस्टमरनं जिथे उभं राहायचं तिथे. टो बारच्या, म्हणजे गाडीमागे वजन जोडायच्या दांड्याच्या, लोखंडावर दोन ताज्या ठोक्यांच्या खुणा चमकत होत्या.

"हलकेच मारला रे नितीनदादा. किल्ली फिरतच नव्हती."

"लॅपटॉप अडकला की त्यालाही हातोडाच घालतोस का?"

तो हसला. मी हसलो नाही.

मी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात सोळा वर्षं मेकॅनिक आहे. नाशिकहून ऑटोमोटिव्हचा डिप्लोमा करायला आलो आणि राहिलो. इथे गाडीशिवाय दूधसुद्धा घरी येत नाही, त्यामुळे कामाला तोटा नाही. आपली मराठी मंडळी गाडी माझ्याकडेच आणतात. सोबत "पाच मिनिटांत बघून दे ना" हेही आणतात.

समीर पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याची मुलगी सई दहा वर्षांची, ती इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरते. ही चेअर शंभर किलोंच्या वर भरते. ती गाडीत मावत नाही. गाडीच्या मागे एक कॅरियर बसवून त्यावर उभी बांधून न्यावी लागते, आणि त्या कॅरियरचा सगळा भार टो बारवर असतो. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सईचा शाळेचा कॅम्प होता. ब्रिस्बेनच्या पुढे, समुद्रावर. तिचा पहिलाच. शाळेच्या बसमध्ये तिला सीट होती, चेअरला जागा नव्हती. चेअर समीर मागून घेऊन जाणार होता.

त्याची तक्रार वेगळीच होती. रिव्हर्स घेताना सेन्सर सारखा ओरडतो, म्हणून नेक काढायला गेला तर तो निघेना. नेक म्हणजे टो बारचा बाहेर आलेला, हंसाच्या मानेसारखा वळलेला भाग. त्याच्या टोकाला गोळा असतो. या युरोपियन गाडीत तो काढता-घालता येतो. बंपरखाली एक नळी असते. नेक तिच्यात खालून वर दाबायचा, आत तीन पोलादी गोळ्या स्प्रिंगनं बाहेर येतात आणि नेकला धरतात. बाजूला एक गोल नॉब असतो. गोळ्या नीट बसल्या की तो खट्‌कन आत जातो आणि हिरवी खूण दिसते. मग किल्ली फिरवून काढून घ्यायची. गोळ्या बसल्या नसतील तर नॉब अर्धवट बाहेर राहतो, लाल खूण दिसते आणि किल्ली निघतच नाही. मूल शाळेत जायच्या आधी शिकेल इतकं हे सोपं आहे.

किल्ली कुलपातच होती. वर एक प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, पाऊस लागू नये म्हणून. मी पिशवी सोडली. नॉब बोटभर बाहेर होता. नळी आणि नॉब यांच्यामध्ये इथली लाल माती दाटून बसली होती आणि त्या मातीखाली लाल खूण.

माझं डोकं फिरलं.

"हा नेक शेवटचा कधी बसवलास?"

"जानेवारीत. तेव्हापासून काढलाच नाही."

"आणि चेअर किती वेळा नेलीस?"

"चार वेळा. सईच्या अपॉइंटमेंटला, ब्रिस्बेनला."

म्हणजे चार वेळा हा माणूस ब्रिस्बेनच्या वाटेवरचा डोंगराचा उभा उतार उतरला होता, आजूबाजूला ट्रक, मागे शंभर किलोंची चेअर, आणि तिला धरायला नीट बसलेलं काहीही नाही. तिच्यामागच्या गाडीत कुणाचं तरी मूल असणारच. जे तोंडात आलं होतं ते वर्कशॉपमध्ये बोलण्यासारखं नव्हतं, ते दाबून टाकलं. आधी नेक सोडवायचा.

नॉबच्या फटीत, कुलपात, नळीच्या कडेनं गंज सोडवणारं तेल मारलं. अर्धा तास थांबलो. नॉब ओढला, ढिम्म. परत तेल, परत थांबणं, रबरी हातोडीनं नेकला बाजूनं टिचक्या. असं जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. टॉर्च धरून वर बघून मान मोडते, आणि अशा जागी ज्योत लावून लोखंड तापवताही येत नाही, कारण वर प्लॅस्टिकचा बंपर आणि आत स्प्रिंगा. ज्या इंजिनियरनं हे कुलूप बरोबर चिखल उडतो त्या जागी बसवलं, त्यालाही मी मनात बरंच काही ऐकवलं.

बॉस ग्रेग येऊन बघून गेला. "कट इट ऑफ, मेट. नवीन मागव."

"दोन आठवडे लागतील. मुलीचा कॅम्प उद्या आहे."

"चारपर्यंत. मग मला हॉइस्ट पाहिजे."

मी समीरकडे वळलो. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"ऑफिसच्या स्क्रीनवर एक लाल टिंब दिसलं तर तू रात्रभर झोपत नाहीस. इथे तुझ्या मुलीची चेअर लटकतेय आणि हे लाल तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना," तो म्हणाला. "पण ते तर कुंकू आहे."

"कुठलं कुंकू?"

"दसऱ्याचं. तूच लावलंस की."

मला आठवलं. आणि आठवल्यावर मी पाना खाली ठेवला.

दसऱ्याला आम्ही वीसेक कुटुंबं पार्कच्या कारपार्कमध्ये जमतो आणि गाड्यांची पूजा करतो. मेकॅनिक म्हणून मान माझा. समीरची गाडी तेव्हा नवीन होती, पांढरी. त्याची बायको अश्विनी म्हणाली, "दादा, पेंटला कुंकू नको, डाग जात नाही." मी म्हटलं, ठीक आहे, आणि मागे जाऊन टो बारच्या नॉबला लावलं. नारळ फोडायला दगड नव्हता, कौन्सिलच्या फरशीवर फोडायला नको वाटलं, म्हणून टो बारच्या गोळ्यावर फोडला. छान दोन भकलं झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेलं पाणी मीच मोठ्या भक्तिभावानं नॉबवर ओतलं. सोळा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं कुलपात साखरेचं पाणी ओतलं आणि वर खुणेच्या जागी लाल रंग फासला.

म्हणून जानेवारीत नेक परत बसवताना नॉब चिकटून अर्ध्यावर राहिला. म्हणून समीरला लाल बघून काही वाटलं नाही. तो गाढवपणा त्याचा नव्हता. निदान सगळा नव्हता.

राग कुठे गेला नाही, फक्त पत्ता बदलला. आणि त्या रागातच मला समजलं की सकाळपासून मी मूर्खासारखं तेल मारत होतो. साखर तेलात विरघळत नाही.

मी लंचरूममधली किटली उचलली. उकळतं पाणी नॉबवर सावकाश ओतलं. पहिल्या किटलीनं माती गेली, दुसरीनं काळपट चिकट रस गळला. तिसऱ्या किटलीनंतर नॉब हातात फिरला. नेक मी खालून खांद्यानं तोलून धरला होता, नाहीतर तो पायावर येतो. तो सुटून खाली आला आणि मी टॉर्च मारला. तीन गोळ्यांपैकी एकच जेमतेम बाहेर आली होती. चार खेपा त्या एकीवर झाल्या होत्या.

हवेनं सगळं वाळवलं, पितळी ब्रशनं नळी घासली, पातळ तेलाचा हात फिरवला आणि नेक परत बसवून बघितला. खट्‌. हिरवी खूण. किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरली.

"झालं की मग," समीर म्हणाला.

"नाही झालं." मी नेक काढून त्याला ती एक गोळी दाखवली. हादऱ्यांनी तिची कड खाल्ली गेली होती. "यावर मी सायकलसुद्धा टांगणार नाही. नवीन येईपर्यंत चेअर या गाडीवर चढणार नाही."

"मग सईचं काय?"

त्याचा आवाज पडला होता. मला स्वतःचाच संताप आला.

"चेअर मी नेतो," मी म्हटलं.

ग्रेगला वर्कशॉपची रॅम्पवाली व्हॅन आणि शुक्रवारची सुट्टी मागितली. त्यानं जॉब कार्ड पुढे केलं. बिघाडाचं कारण लिहायचा रकाना रिकामा होता. मी लिहिलं, नारळाचं पाणी, ओतणारा टेक्निशियन. त्यानं ते दोनदा वाचलं.

"विच टेक्निशियन?"

"मी."

त्यानं व्हॅनची चावी टेबलावर सरकवली.

शुक्रवारी कॅम्पच्या दारात बसच्या आधी पोचलो आणि चेअर उतरवून ठेवली. सई शिक्षिकेच्या आधारानं बसमधून उतरली, चेअरवर बसली, पट्टा लावला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "डॅड सेज यू ब्रोक इट विथ अ कोकोनट."

"हो."

"दॅट्स सो डम्ब."

"हो," मी म्हटलं. ती वळली आणि मैत्रिणींच्या मागे भरधाव निघून गेली.

आता काम नसेल तेव्हा नेक काढून ठेवा, नळीला टोपण लावा, महिन्यातून एकदा पुसून पातळ तेल द्या, प्रेशर वॉशर तिथे नेऊ नका, हे सगळं मी प्रत्येकाला सांगतो. शेवटची सूचना फक्त आपल्या लोकांसाठी. नॉबवर लाल दिसलं तर आधी फडक्यानं पुसा. पुसलं गेलं तर ते माझं कुंकू. नाही गेलं, तर गाडी हलवू नका.